न तुडवलेला वरंबा

पहिलं गोठलेलं दहिवर पडलं आणि द्राक्षवेलींची पानं काळी पडून गळायला लागली, की खोनका गावाच्या कालव्याकाठी आमच्या वस्तीत लोक जुमानियाजची वाट बघायला लागत. वेली आणि अंजिरं पुरायची ती वेळ. आमच्याकडचा हिवाळा असल्या झाडांना उघड्यावर जगू देत नाही. वेल मांडवावरून सोडवायची, छाटायची, चरात निजवायची आणि वर माती ओढायची. वसंतात पुन्हा उकरून उभी करायची. काम तसं सगळ्यांनाच येतं, पण जुमानियाजनं पुरलेली वेल मरत नाही असा बायकांचा ग्रह होऊन बसला होता. लवकर पुरली तर वेल मातीखाली घामेजून कुजते, उशीर झाला तर गोठते. तो सकाळी कुणाच्याही बागेत शिरायचा, मूठभर माती बोटांत चोळून बघायचा आणि "आज नको" किंवा "चला" असा निकाल द्यायचा.

तरुणपणी तो सामूहिक शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. पुढं ते शेत मोडलं, ट्रॅक्टर कुणी नेला कळलंसुद्धा नाही, आणि जुमानियाजच्या हातात फावडं आलं. उंच, पाठीत वाकलेला, घरात घुमा. दुसऱ्याच्या बागेत मात्र त्याला तोंड फुटायचं.

"या, जुमानियाज अका, या! तुम्ही दारात आलात म्हणजे थंडी आलीच," शेजारची सापरगुल दरवर्षी म्हणायची; थोरल्या पुरुषाला आमच्याकडं अका म्हणतात. ती विधवा होती, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. "मलापण पुरून टाका वेलीशेजारी. वसंतात काढा म्हणजे झालं. सरपणाचा खर्च वाचेल."

"तुला पुरायला चर कुठवर खणू? कालव्यापलीकडं जावं लागेल."

"ऐका! आणि ह्यांना लोक गरीब माणूस म्हणतात!"

माती ओढून झाली, की खरं काम उरायचं. वरंबा तुडवायचा. जुमानियाज वर चढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी पावलं टाकत जायचा, आधी टाच, मग चवडा, पुन्हा टाच. बायका टाळ्या वाजवायच्या, नाचा अका नाचा म्हणायच्या. पण ते केल्याशिवाय चालत नाही. वेलीचं एक वेळ भागतं, अंजिराचं नाही. अंजिराचं लाकूड लवचिक असतं. कितीही वाकवून निजवलं तरी ते आतून वर रेटत राहतं. माती दाबलेली नसली तर वरंब्याला भेग पडते, भेगेतून थंडी आत शिरते आणि एका रात्रीत झाड जातं.

जुमानियाजच्या स्वतःच्या बागेत मागच्या भिंतीलगत एक अंजीर होतं. त्याच्या मुलानं, शोनजरनं, लहानपणी मावशीकडून ओल्या फडक्यात गुंडाळून त्याची काडी आणली होती. घरी येईपर्यंत चिकानं त्याचे हात खाजून लाल झाले होते आणि तो रडत रडतच खड्डा खणत होता. अंजीर पुरायला दोन माणसं लागतात. एकानं अंगाचा भार टाकून फांद्या खाली दाबायच्या, दुसऱ्यानं माती ओढायची. मुलगा जाणता झाल्यापासून भार त्याचा आणि फावडं बापाचं, असं ठरून गेलं होतं.

मग शोनजर रशियात कामाला गेला. आमच्या वस्तीतली अर्धी पोरं जातात तसा. फोन यायचे. शेवटचा फोन असाच हिवाळ्याच्या तोंडावर आला होता. मागून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"अंजीर पुरलंत का बाबा?"

"पुरतोय. तुझी आई बसलीय फांदीवर."

"पाय नीट द्या वर. मागल्या वर्षी भेग पडली होती."

"तू शिकव आता मला."

तो हसला होता. त्यानंतर फोन लागला नाही. बरोबरच्या पोरांकडं विचारपूस केली. कुणी म्हणालं, तो काम बदलून उत्तरेला लाकूडतोडीवर गेला. कुणी म्हणालं, तिकडंच घर केलं असेल. एकानं काहीच न सांगता मान खाली घातली. तीन हिवाळे असे गेले. ना कागद, ना प्रेत, ना बातमी.

जुमानियाजची बायको ओयजमाल बुटकी आणि ठाम. तिनं घरात रडणं शिरू दिलं नाही. सांत्वनाला आलेल्या बायकांना चहा दिला आणि म्हणाली, "बातमी आलेली नाही. येईल तेव्हा या." शोनजरचे गमबूट दाराआड होते तसेच राहिले. अधूनमधून ती ते उपडे करून झटकायची, आत उंदीर शिरू नये म्हणून.

आमच्याकडं नवरा बायकोला तिच्या नावानं हाक मारत नाही, थोरल्या मुलाच्या नावानं मारतो. त्यामुळं जुमानियाजनं "शोनजर!" म्हटलं, की पूर्वी कधी चहा घेऊन बायको यायची, कधी पोरगा यायचा, आणि कधी दोघं दारात एकमेकांना धडकायची. फोन बंद झाल्यापासून त्याला ती हाक मारवेना. दुसऱ्या नावाची सवय नव्हती. तो खोकायचा. ओयजमालला त्याचे खोकले कळायला लागले होते, चहाचा कुठला आणि फावड्याचा कुठला ते.

त्या वर्षी अंजीर पुरायला त्याला उशीर झाला. आधी दुसऱ्यांच्या बागा, मग आपली. दिवस गारठ्याचा होता. उरलीसुरली पानं ओरबाडताना चीक बोटांना चिकटत होता. ओयजमालनं गोणपाट अंथरलं, फांद्या त्यावर वळवल्या आणि त्यांच्यावर बसली.

"नीट बसलीस का?"

"बसलेय. तुम्ही माती ओढा, माझं वजन काय दरवर्षी वाढत नाही."

"ते दिसतंच आहे. मागल्या वर्षीपेक्षा वर उचलली जातेयस."

"मग खायला घाला."

माती ओढून झाली. अंजीर ज्या बाजूला लहानपणापासून वाकवलं, त्याच बाजूला वाकतं. त्यामुळं वरंबा दरवर्षी तिथंच व्हायचा, उत्तर-दक्षिण, लांबट, वरून गोल. जुमानियाजनं ओल्या हातानं त्याच्या कडा सारवल्या. त्याचं काम नेहमीच देखणं असायचं. तुडवण्याआधी जरा दम खावा म्हणून त्यानं द्राक्षाच्या मांडवाची शिडी उचलून वरंब्यावर आडवी ठेवली, तेवढाच फांद्यांवर भार.

नेमके त्याच वेळी ओयजमालचे मामा आले. ओल्लाबेर्गन मामा कालव्यापलीकडं राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. सूर्य भिंतीखाली गेला होता. बागेच्या फाटकातून आत येऊन ते थांबले. त्यांना समोर काय दिसलं असेल ते आमच्यातल्या कुणालाही सांगायला नको. इथं खाली पाणी लागतं म्हणून माणसाला खोल पुरत नाहीत, वरच मातीचं लांबट घर बांधतात, आणि ज्या शिडीवरून त्याला आणलं ती शिडी तिथंच वर ठेवून देतात. जुन्या घराण्यांत तर घराला लागूनच कबरी असायच्या.

मामांनी काठी बाजूला ठेवली. उकिडवे बसले, दोन्ही तळवे वर केले आणि मेलेल्या माणसासाठीची फातिहा म्हणायला लागले.

ओयजमाल हात पुसत उभी होती ती तशीच राहिली. सुरू झालेली फातिहा कुणी तोडत नाही. मामांचा आवाज हळूहळू बागेत पसरला. शेवटी त्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि जुमानियाजच्या लक्षात आलं की आपलेही हात चेहऱ्यावर आहेत. "आमीन" हा शब्द त्यानं म्हटला नव्हता, तो निघाला होता. पण निघाला होता, आणि ओयजमालनं ऐकला होता.

"कधी आणलं गं त्याला?" मामा रडत म्हणाले. "मला कळवलंसुद्धा नाहीत. मामा इतका परका झाला?"

"मामा, ते अंजीर आहे."

"अं?"

"अंजीर. झाड. थंडीसाठी पुरलंय."

मामांनी पुढं हात करून वरंब्याची माती चाचपली. मग त्यांनी काठी शोधली. "तोबा, तोबा. अंजिराला फातिहा. आता मलाच उचला," म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही. त्यांनी चहा घेतला, पण पियाला अर्धाच ठेवला. लवकरच ते उठले.

ते गेल्यावर ओयजमालनं विचारलं, "तुम्ही हात का वर केलेत?"

"सवयीनं गेले."

"मामांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं."

त्यानं फावडं उचलून भिंतीला टेकवलं.

"जा, पाय द्या वरंब्यावर," ती म्हणाली.

"अंधार झालाय. उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच सापरगुलच्या भावाच्या बागेत गेला. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी कुणाच्या. लोकांचे वरंबे त्यानं नेहमीसारखे तुडवले, टाच आणि चवडा, बायकांची थट्टा ऐकत. घरी आला की मात्र मागच्या भिंतीकडं जायचं टाळायचा. शिडी त्यानं काढून ठेवली होती, पण वरंबा तसाच होता, सारवलेला, देखणा, आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. सरपण त्या भिंतीशीच रचलेलं. तिथं जाताना त्याचे पाय आपोआप बाहेरून वळायचे. पायवाट सरळ वरंब्याच्या शेंड्याजवळून जात होती आणि आता तिच्याशेजारी एक नवी, वाकडी वाट पडायला लागली होती.

ओयजमालला ती वाट दिसली.

"किती दिवस वळसा घालणार आहात?"

"देतो म्हटलं ना पाय. एवढी घाई काय?"

"घाई मला नाही, थंडीला आहे."

"मग तूच चढ! तुला कुणी अडवलंय?"

"मी चढेन," ती शांतपणे म्हणाली. "पण मी चढले तर तुमचं आमीन तिथंच राहील. ते तुम्हीच टाकलंत, तुम्हीच तुडवा."

त्याला वाटलं सांगावं, की मला पोराला मारायचं नव्हतं. की फोन बंद झाल्यापासून मी रोज त्याला जिवंत धरून ठेवतो, पण हात थकले होते, त्या संध्याकाळी जरासे सैल पडले, एवढंच. पण असलं काही तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. तो खोकला. हा खोकला कसला, ते ओयजमालला या वेळी कळलं नाही, किंवा कळूनही ती उठली नाही.

गुरुवार आला. गुरुवारी आमच्या घराघरात तेल तापतं. गेलेली माणसं त्या संध्याकाळी आपापल्या घरी येतात, दाराशी बसतात आणि तळणाच्या वासानंच त्यांचं पोट भरतं. जुमानियाज फावडं खांद्यावर टाकून येत होता. फाटकातच त्याला आपल्या घरचा तेलाचा वास आला. ओयजमाल अंगणातल्या चुलीपाशी बसून पातळ पोळ्या तळत होती. एकेक पोळी कढईत सोडताना ती एकेक नाव घ्यायची, दरवर्षीची, ठरलेली. तिचे वडील. तिची आई. सासरे. सासू. जुमानियाजचा धाकटा भाऊ, जो लहानपणी कालव्यात बुडाला.

तो भिंतीआड थांबला. यापुढं यादी संपते, हे त्याला ठाऊक होतं. पण परातीत पोळी उरली होती. ओयजमालनं ती हातात घेतली. तेल चरचरत होतं. ती पोळी धरून बसली, धरूनच बसली, आणि पुढं काय येणार ते जुमानियाजला कळलं. ते नाव आता या घरात मोठ्यानं उच्चारलं जाणार, तेलावर, मेलेल्यांच्या रांगेत, आणि ते आपल्यामुळं. बागेच्या त्या टोकाला, मावळत्या उजेडात, वरंबा कुणीतरी पांघरूण घेऊन पडल्यासारखा दिसत होता. वासानं तो जरासा हलला असं त्याला वाटलं.

"ज्यांच्या मागं कुणी नाही, त्यांच्यासाठी," ओयजमाल म्हणाली आणि पोळी तेलात सोडली.

त्यानं भिंतीला हात टेकला. त्या रात्री जेवताना तिनं पोळी त्याच्यापुढं ठेवली. कुठली कुणाच्या नावाची ते ओळखू येत नव्हतं. त्यानं निमूटपणे खाल्ली.

मग उत्तरेचा वारा सुटला. कालव्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली. सापरगुलनं भिंतीवरून डोकं काढून हाळी दिली, "अहो अका! सगळ्या गावाची अंजिरं झाकलीत आणि स्वतःच्याला केवढी भेग पडलीय ती! आज उघडं राहिलं तर उद्या सरपणालाच येईल. डोळ्यांत काय मामांचा मोतीबिंदू शिरला का?"

तो गेला. या वेळी जावंच लागलं. वरंबा मधोमध फाटला होता. भेग हात जाईल एवढी रुंद होती आणि तळाशी गोणपाट उसवून अंजिराच्या एका फांदीचं राखाडी टोक वर आलं होतं. त्यानं कडेला उभं राहूनच फावड्यानं माती टाकली. माती घरंगळून आत गेली, भेग तशीच. आणखी टाकली. आतून कुर्र असा आवाज आला. लाकूड होतं ते, ताणाखाली लाकूड कुरकुरतंच. जन्मभर त्यानं तो आवाज ऐकला होता. तरी फावडं त्याच्या हातातून निसटून पलीकडं पडलं.

त्यानं एक पाय उचलला. वरंब्यावर टेकवायचा म्हणून उचलला. तो हवेतच राहिला, मग मागं आला. दुसऱ्यांदाही तेच. वारा वाढत होता. त्याला कळत होतं की पाय दिला नाही तर उद्या सकाळी पोराचं झाड काळं पडेल आणि वसंतात आपण इथून जे उकरून काढू ते खरोखरच प्रेत असेल. एवढं कळत असूनही पाय पुढं जाईना. जिथं फातिहा पडली तिथं चढायचं नाही, हे त्याच्या अंगात त्याच्या बापानं, आज्यानं घातलं होतं. ते डोक्यानं निघत नव्हतं.

मागून चपलांचा आवाज आला. ओयजमाल उभी होती. तिच्या हातात शोनजरचे गमबूट होते.

"घाला."

"अगं, मला मोठे होतात."

"दोन मोजे घाला. त्याचं काम आहे, त्याच्या बुटांनी करा. तुमच्या पायांना नाही जमत तर त्याच्या पायांना सांगा."

ती वाकून बूट मातीवर ठेवून बाजूला झाली. जुमानियाज सरपणावर टेकला. बुटाच्या आत गारवा होता आणि टाचेशी मुलाच्या पायानं पडलेला खळगा होता. त्याचा पाय त्या खळग्यात बसला. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. पाय बुटात, हात गुडघ्यांवर. ओयजमालनं घाई केली नाही.

मग तो उठला आणि वरंब्यावर चढला.

पहिल्या पावलाला माती भसकन खचली. दुसऱ्या पावलाला फांदीनं खालून उलटा रेटा दिला, अगदी पूर्वीसारखा, जसा शोनजर फांदीवर बसून मुद्दाम उसळ्या मारायचा आणि म्हणायचा, बाबा, ऐकत नाही हे! टाच. चवडा. टाच. भेग मिटत गेली. सारवलेली गुळगुळीत माती मोडली आणि तिच्यावर मोठमोठे, खाचांचे ठसे उमटले. ते त्याच्या पायांचे नव्हते. तो थकून मध्येच थांबला, खाली बघितलं, आणि कुणीतरी नुकतंच इथून चालत गेलं असं त्याला दिसलं.

माती कमी पडत होती. फावडं त्याच्या हातून पलीकडं पडलं होतं.

तो खोकला नाही.

"शोनजर!" त्यानं हाक मारली. "फावडं दे इकडं."

ओयजमालनं क्षणभर तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरलं. मग फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"आणखी पाय द्या त्या टोकाला," ती म्हणाली. "मागं तिथंच भेग पडली होती."

अंधार पडेपर्यंत दोघं काम करत होती. काम संपल्यावर बूट तिनं पुसून पुन्हा दाराआड ठेवले.

त्या रात्री बर्फ पडला, पहिलाच, पातळ. सकाळी जुमानियाज हातपाय धुवायला बाहेर आला आणि पायरीवरच थबकला. अंगणातल्या कोऱ्या बर्फावर गमबुटांचे ठसे होते. घरातून बाहेर जाणारे नव्हते. फाटकापासून घराकडं येणारे होते, मध्ये मागच्या भिंतीकडं वळून वरंब्यावर चढून उतरलेले, थेट दारापर्यंत. भिंतीच्या कडेकडेनं गेलेली एक पुसट रेघ होती, कुणी केरसुणी ओढत गेल्यासारखी.

तो पायरीवरच उकिडवा बसला. तो बर्फाकडं नीट बघायला लागला. बूट मोठे होते, पण पावलं आखूड होती, बुटक्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईची.

तो आत आला. दाराआड गमबूट ओले होते, केरसुणीही ओली होती. ओयजमाल किटलीजवळ बसली होती, पाय चुलीकडं करून.

"चहा घ्या. गार होईल."

त्यानं पियाला घेतला. भिंतीपलीकडून सापरगुलचा आवाज आला, "अगं ओयजमाल, कुणी आलंय का गं तुमच्याकडं? अंगणात पावलं दिसतात!"

ओयजमालनं उत्तर दिलं नाही. किटलीचं झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं.

चहा संपवून तो सरपण आणायला निघाला. वरंब्यापर्यंत गेला, त्याच्यावरूनच पलीकडं गेला, पाय कचरला नाही. पण अंगण ओलांडताना तो त्या ठशांच्या बाहेरून चालला, जपून, एकही पुसू नये म्हणून. बर्फ वितळेपर्यंत तो रोज तसाच चालत राहिला.